मठाच्या परसातील एक पालेभाजी

स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन शहरात, तेथील प्राचीन मठाच्या ग्रंथालयात, चर्मपत्रावर काढलेला एक आराखडा आजही जतन केलेला आहे. पाच तुकडे शिवून जोडलेल्या या चर्मपत्रावर इ. स. 820 च्या सुमारास एका आदर्श मठाची रचना रेखाटण्यात आली. राइशनाऊच्या मठात तो तयार झाला आणि सेंट गॅलनचे मठाधिपती गोझबर्ट यांच्याकडे पाठविण्यात आला. त्यात मंदिर, शाळा, रुग्णालय व भटारखाना आहे. शिवाय अठरा वाफ्यांची भाजीची बाग आहे. प्रत्येक वाफ्यात लॅटिन भाषेत एकेका भाजीचे नाव लिहिलेले आहे. कांदा, लसूण, मुळा, कोथिंबीर, शेपू ही आपल्या ओळखीची मंडळी तिथे भेटतात. त्यांच्याच रांगेत एक नाव आहे, 'बेटा'.

ही बेटा म्हणजे बीटाच्या कुळातील पालेभाजी. आज तिला स्विस चार्ड म्हणतात. आपल्या परिचयाचे गोल, फुगीर लाल बीट युरोपात पुढे कित्येक शतकांनी प्रचारात आले. त्या काळी या वनस्पतीची महती मुख्यतः पानांसाठी होती. नावात 'स्विस' असले तरी तिचे मूळ स्वित्झर्लंडमध्ये नाही. भूमध्य समुद्राच्या आणि अटलांटिकच्या किनाऱ्यांवर आपोआप उगवणारे रानटी बीट ही तिची पूर्वज. ग्रीक विद्वान थिओफ्रास्टस याने ख्रिस्तपूर्व काळातच तिचे पांढरा आणि काळा असे दोन प्रकार सांगितले होते. सम्राट शार्लमेनच्या काळात, इ. स. 800 च्या सुमारास, राजाच्या मळ्यांत कोणती झाडे लावावीत याची जी यादी तयार झाली, तीतही बेटाचा समावेश आहे. आपला नेहमीचा पालकही वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बीटाच्याच जातीतला आहे. युरोपातील स्पिनॅच तो निराळा, त्याला आपल्याकडे विलायती पालक म्हणतात. तेव्हा सेंट गॅलनच्या वाफ्यातील ही भाजी आपल्या पालकाची सख्खी बहीणच म्हणावी लागेल.

मठात भाजीच्या बागेला एवढे स्थान का मिळाले? संत बेनेडिक्ट यांच्या नियमावलीत त्याचे उत्तर सापडते. पाणी, पिठाची चक्की व बाग शक्यतो मठाच्या आवारातच असावी, असे ती सांगते. जेवणात शिजविलेले दोन पदार्थ असावेत आणि फळे किंवा कोवळ्या भाज्या मिळाल्यास तिसरा द्यावा, चतुष्पाद प्राण्यांचे मांस मात्र अशक्त रुग्णांखेरीज कोणी खाऊ नये, असाही नियम आहे. अशा पंगतीला पालेभाजीचा मोठा आधार असणार, हे उघड आहे.

त्यात या भाजीचा स्वभावही मोठा उपकारी. बाहेरची मोठी पाने देठासकट बुडापासून काढावीत आणि मधला कोवळा कोंब तसाच ठेवावा. मग रोप पुन्हा पुन्हा पाने देत राहते. बियांच्या बाबतीत मात्र ती सोशिकपणाची परीक्षा पाहते. पहिल्या वर्षी ती केवळ पाने देते. हिवाळ्याची थंडी सोसल्यावर दुसऱ्या वर्षी तिला उंच तुरा येतो आणि बी धरते. जिथे थंडी कडक असते तिथे मुळे उपटून तळघरात जपावी लागतात व वसंत ऋतूत पुन्हा लावावी लागतात. एकट्या रोपाला बी चांगले धरत नाही. अनेक रोपे एकत्र राखावी लागतात. शिवाय परागकण वाऱ्याने दूरवर जातात. जवळपास बीट फुलले असेल तर संकर होऊन जुने वाण बिघडते. म्हणजे या भाजीचे वाण टिकवायचे तर माणसाने एका जागी स्थिर राहिले पाहिजे, ताटातले थोडे कमी करून रोपे राखली पाहिजेत आणि शेजाऱ्याच्या परसाकडेही लक्ष ठेवले पाहिजे.

मठांना हे साधले याचे नवल नाही, कारण एकाच मठात आजन्म राहण्याचे वचन हे बेनेडिक्टपंथीयांच्या व्रतांपैकी एक आहे. त्या आराखड्यात बागेलगत माळ्याचे घर दाखविले आहे. त्यातील एका खोलीवर लिहिले आहे की, येथे लोखंडी अवजारे आणि भाज्यांचे बियाणे ठेवले जाते. मठाची अवजारे व वस्तू वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे सांभाळाव्यात, असे नियमावली कोठाराच्या व्यवस्थापकाला बजावते. बियाण्याची ती खोली या शिकवणीला साजेशीच आहे.

सेंट गॅलनचा मठ 1805 साली विसर्जित झाला. भाजी मात्र लोकांच्या परसांत राहिली. ग्राउब्युंडेन प्रांतात आजही चार्डच्या पानांत पीठ व मांसाचे सारण गुंडाळून 'कापुन्स' नावाचा पदार्थ करतात. पुढे बी विकत आणण्याची सवय पडली, तशी घरोघरची वाणे मागे पडू लागली. ती वाचविण्यासाठी 1982 साली 'प्रोस्पेसिएरारा' ही संस्था स्थापन झाली, आणि तीही सेंट गॅलनमध्येच! ही वाणे सांभाळण्याच्या कामी घरच्या बागांत राबणाऱ्या सामान्य माणसांचा मोठा हातभार लागतो.

आपल्या हवेत पालकाला दोन वर्षे लागत नाहीत. एकाच हंगामात तो बियांवर येतो. म्हणजे आपले काम त्या मठवासीयांपेक्षा सोपे आहे. तरीही वाफ्यातील सगळा पालक खुडून बाजारात किंवा कढईत गेला, तर पुढच्या वर्षीच्या बियांसाठी दुकानाची वाट धरावी लागते. आजीने गाडग्यात राख घालून जपलेले बी एकदा संपले की पैसे देऊनही ते परत मिळत नाही. येत्या हिवाळ्यात ज्यांच्या परसात पालकाचा वाफा असेल, त्यांनी त्यातील दहा-बारा जोमदार रोपे न खुडता राखावीत आणि त्यांचे बी वाळवून निम्मे शेजारी द्यावे. एका घरचे बी नासले, तर दुसऱ्या घरी ते शिल्लक असेल.