मनोरा नाही, घंटा नाही : श्विदनित्साचे शांतीचे चर्च

पोलंडच्या नैऋत्येस, सायलेशिया प्रांतात, श्विदनित्सा नावाचे शहर आहे. तेथील ल्यूथरपंथीय चर्च बाहेरून एखाद्या अवाढव्य धान्यकोठारासारखे दिसते. काळ्या लाकडांची चौकट, मधल्या पांढऱ्या भिंती, आणि शिखर कोठेच नाही. हे रूप एका तहातील अटींनी घडवले. आजचा धागा त्या अटींविषयी.

तीस वर्षांच्या युद्धाअखेर (१६१८-१६४८) सायलेशियाची बहुसंख्य प्रजा ल्यूथरपंथीय होती, तर तिचा धनी सम्राट फर्डिनांड तिसरा कट्टर कॅथलिक होता. वेस्टफालियाच्या तहात स्वीडनच्या आग्रहामुळे त्याने ग्लोगुव, यावोर आणि श्विदनित्सा येथे प्रत्येकी एक चर्च बांधू देण्याचे मान्य केले. तहातून आलेली म्हणून ही ‘शांतीची चर्चे’. त्याच सुमारास ल्यूथरपंथीयांकडून शेकडो जुनी चर्चे काढून घेतली गेली, हेही विसरू नये.

परवानगीसोबत अटी आल्या. जागा शहराच्या तटाबाहेर, तोफेच्या पल्ल्याइतकी दूर. दगड व वीट वर्ज्य. केवळ लाकूड, माती, वाळू आणि पेंढा. मनोरा नको, घंटा नको. काम एका वर्षात पुरे झाले पाहिजे, तेही प्रजेच्या खर्चाने. तहाचा शब्द पाळायचा, पण वास्तू फार काळ टिकू द्यायची नाही, असाच या अटींचा रोख दिसतो.

मंडळींनी हे काम सोपवले ब्रेस्लाऊच्या आल्ब्रेख्ट फॉन झेबिश याच्याकडे. हा मुळात तटबंदीचा अभियंता. ज्याने दगडी बुरूज उभारायचे, त्याच्या हाती माती आणि पेंढा आला! त्याने ओकच्या जाड खांबांचा व तुळयांचा सांगाडा उभा केला आणि मधले गाळे पेंढा मिसळलेल्या मातीने भरले. आपल्याकडच्या कुडाच्या भिंतीचेच हे थोरले भावंड म्हणावे. भार सारा लाकडाने पेलायचा, मातीने फक्त वारा अडवायचा. ऑगस्ट १६५६ मध्ये पायाभरणी झाली आणि २४ जून १६५७ रोजी पहिली उपासना. अवघे दहा महिने!

आसपासच्या खेड्यांतील माणसांना दुसरे चर्च उरले नव्हते, त्यामुळे आत जागा हवी होती. झेबिशने ती उंचीत शोधली : भिंतींलगत सज्ज्यांवर सज्जे चढवले. सुमारे ४४ मीटर लांब आणि २० मीटर रुंद अशा या वास्तूत ७,५०० माणसे मावतात. त्यांपैकी ३,००० बसून. बाहेरच्या रूपावर बंधने होती, आतल्या सजावटीवर नव्हती, आणि मंडळींनी ही फट पुरेपूर वापरली. छतावर चित्रे आली, सज्ज्यांवर कारागीर-संघांची चिन्हे आली. लाकूड पुरवणाऱ्या होखबेर्ग घराण्यासाठी स्वतंत्र सज्जा झाला. १७२९ च्या प्रवचनपीठावर वाळूची घड्याळे आहेत, म्हणजे लांबणाऱ्या प्रवचनाची चिंता तेव्हाही होतीच.

१७०७ मध्ये स्वीडनच्या चार्ल्स बाराव्याने सम्राट जोसेफ पहिला याला आल्टरान्श्टेटचा करार करावयास लावला, आणि घंटेची मनाई उठली. पुढल्याच वर्षी आवारात वेगळा घंटाघर-मनोरा उभा राहिला. मूळ वास्तूच्या माथ्यावर मात्र शिखर कधीच आले नाही.

ग्लोगुवचे चर्च १७५८ मध्ये जळाले. उरलेली दोन, यावोरचे आणि हे, २००१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. लाकडी चौकटीची युरोपातील सर्वांत मोठी धार्मिक वास्तू म्हणून त्यांची गणना होते.

ज्यांनी हे चर्च बांधले त्यांचे वंशज मात्र येथे राहिले नाहीत. १९४५ नंतर सायलेशिया पोलंडकडे गेला, जर्मन भाषिकांना घालवून देण्यात आले, आणि त्यांच्या जागी आलेले लोक बहुतांशी कॅथलिक होते. ल्यूथरपंथीय मंडळी आज मोजकीच आहे. साडेसात हजारांच्या त्या वास्तूची देखभाल तिच्याकडे आहे.