७९ किलोंचे व्यक्तिचित्र

#थ्रेड #इतिहास #कला

१/ संग्रहालयाचा पहिला नियम आपण शाळेच्या सहलीतच शिकतो : कोणत्याही वस्तूस हात लावू नये. शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमधील एका कलाकृतीला मात्र हा नियम लागू नाही. तिचा अंश उचलता येतो, घरी नेता येतो, खाताही येतो. कोपऱ्यात रचलेला, चकचकीत रंगीत कागदांतील गोळ्यांचा हा ढीग म्हणजे एका दिवंगत माणसाचे व्यक्तिचित्र आहे.

२/ कलावंताचे नाव फेलिक्स गोन्झालेस-टोरेस. जन्म १९५७, क्यूबा. किशोरवयातच मायदेश सुटला. स्पेन, पोर्तो रिको असा प्रवास करीत १९७९ मध्ये तो न्यूयॉर्कला आला. पुढे रॉस लेकॉक त्याचा जीवनसाथी झाला. १९९१ मध्ये एड्समुळे रॉसचा मृत्यू झाला. ही कलाकृती त्याच वर्षीची.

३/ तो काळ समजून घेतल्यावाचून हा ढीग समजत नाही. ५ जून १९८१ रोजी अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राच्या साप्ताहिकात लॉस एंजेलिसमधील पाच तरुणांच्या विचित्र न्यूमोनियाची नोंद आली. साथीच्या अधिकृत इतिहासाचा हा आरंभ. राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी या विषयावर पहिले मोठे भाषण केले ते १९८७ च्या मे महिन्यात. दरम्यान हजारो माणसे मृत्युमुखी पडली होती.

४/ शासन मौन असताना शोक करण्याचे काम समाजाने अंगावर घेतले. ऑक्टोबर १९८७ मध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर एक विराट गोधडी अंथरली गेली. तिचे १,९२० तुकडे होते. प्रत्येक तुकडा ३ फूट बाय ६ फूट, म्हणजे साधारण एका कबरीएवढा. आप्तेष्टांनी त्यांवर मृतांची नावे शिवली होती. मायेच्या माणसासाठी जुन्या कापडाची गोधडी शिवणाऱ्या आपल्या समाजाला ही भाषा परकी वाटू नये.

५/ कलादालनांवर याच सुमारास वेगळे सावट होते. १९८९ मध्ये वॉशिंग्टनच्या कोरकोरन कलादालनाने छायाचित्रकार रॉबर्ट मॅपलथॉर्प यांचे प्रदर्शन उद्घाटनापूर्वीच रद्द केले. पुढच्या वर्षी तेच प्रदर्शन भरविल्याबद्दल सिनसिनाटीतील संचालकांवर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्यातून ते निर्दोष सुटले. समलिंगी प्रेमाचे उघड चित्रण संकट ओढवून घेणारे होते.

६/ गोळ्यांच्या ढिगावर मात्र कोणता सेन्सॉर आक्षेप घेणार? त्यात देह नाही, चेहरा नाही. कलाकृतीचे नाव 'शीर्षकविरहित'. त्यापुढे कंसात 'लॉस एंजेलिसमधील रॉसचे व्यक्तिचित्र' एवढेच शब्द. ढिगाचे आदर्श वजन १७५ पौंड, म्हणजे सुमारे ७९ किलो. निरोगी रॉसचे हे वजन, असा त्याचा अर्थ सामान्यतः लावला जातो.

७/ प्रेक्षक एकेक गोळी उचलतो आणि ढीग घटत जातो. आजाराने रॉसचा देह झिजत गेला, तसाच. गोळी गोड लागते आणि त्याच क्षणी आपण त्या ऱ्हासाचे भागीदार ठरतो. परंतु संग्रहालयाला नव्या गोळ्या आणून वजन पूर्ववत करता येते. एका रॉसला जे लाभले नाही, ते त्याच्या व्यक्तिचित्राला पुनःपुन्हा लाभते.

८/ म्हणून येथे जतन करावयाची वस्तू गोळ्या नव्हेत. टिकतो तो कलाकृतीसोबतचा लेखी दाखला, आणि ती पुन्हा मांडण्याची माणसांची इच्छा. संगमरवरी पुतळा दुर्लक्ष केले तरी उभा राहतो. हे स्मारक कोणी तरी मनावर घेतले तरच अस्तित्वात येते.

९/ जानेवारी १९९६ मध्ये एड्सनेच गोन्झालेस-टोरेसचा बळी घेतला. वय अवघे ३८. एचआयव्हीवरील प्रभावी संयुक्त औषधोपचार प्रचारात आले ते त्याच वर्षी. काही महिन्यांचे हे अंतर त्या पिढीतील असंख्य माणसांच्या वाट्याला आले.

१०/ कथा येथे संपत नाही. २०२२ मध्ये शिकागोतील या कलाकृतीच्या माहितीफलकावर रॉसचे मरण आणि एड्स यांचा उल्लेखच नाही, हे प्रेक्षकांच्या ध्यानात आले. समाजमाध्यमांवर टीका झाली आणि संग्रहालयाने मजकूर बदलला. ज्या संदिग्धतेने १९९१ मध्ये कलाकृतीला संरक्षण दिले, तीच संदिग्धता तीस वर्षांनी तिच्या स्मृतीवर उलटली होती. फलकावरून रॉस वजा केला की कोपऱ्यात उरतो तो निव्वळ खाऊ.

११/ इतिहासाच्या अभ्यासकांसाठी हा लहानसा प्रसंग मोलाचा आहे. विस्मरणासाठी दर वेळी पुतळे फोडावे लागत नाहीत, ग्रंथ जाळावे लागत नाहीत. कधी दोन ओळी गळाल्या तरी पुरते. तेव्हा पुढच्या खेपेस संग्रहालयात जाल, तेव्हा वस्तूइतकाच तिच्याशेजारचा फलकही सावकाश वाचा. त्यावर कोणाचे नाव आहे ते पाहा. आणि कोणाचे असावयास हवे होते, तेही विचारा.

(समाप्त)