ऐकून घेण्याची सेवा

जीवनाला विटलेल्या माणसाला आधार देणे हे केवळ तज्ज्ञांचे काम, असा समज आपल्या कुटुंबांत आढळतो. इतिहास निराळे सांगतो.

१९३५ साली इंग्लंडमधील लिंकन येथे चॅड वाराह या तरुण अँग्लिकन धर्मगुरूने चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी केला. मासिक पाळीला भयंकर रोग समजून तिने जीवन संपवले होते. विचारावे असे तिला कोणी नव्हते. ही बोच वाराह यांच्या मनात कायम राहिली. २ नोव्हेंबर १९५३ रोजी लंडनच्या सेंट स्टीफन वॉलब्रुक चर्चमध्ये त्यांनी निराश माणसांसाठी दूरध्वनी सुरू केला. भेटीस येणाऱ्यांना ताटकळावे लागे. तेव्हा साधे स्वयंसेवक त्यांना चहा देत, त्यांचे ऐकून घेत. अनेकांचे मन तेवढ्यानेच हलके होई. हे ओळखून फेब्रुवारी १९५४ मध्ये वाराह यांनी ती सेवा स्वयंसेवकांवरच सोपवली. 'समॅरिटन्स' संस्था अशी उभी राहिली.

धर्मगुरू म्हणून आम्हांला यात मोठा बोध दिसतो: दुःखिताचे ऐकण्यासाठी दीक्षा लागत नाही. आप्ताविषयी वा शेजाऱ्याविषयी काळजी वाटल्यास "जीव द्यावा असे मनात येते का?" असे मायेने, स्पष्ट विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो, ही भीती निराधार आहे. उपदेश टाळावा, त्याला एकटे सोडू नये, कीटकनाशके व औषधे दूर ठेवावीत, डॉक्टरांकडे सोबत जावे. २०२२ पासून शासनाची 'टेलि-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध आहे. काळजीत पडलेल्या नातलगांनीही तेथे जरूर बोलावे.