भोक पाडण्याची गोष्ट : सामत्यापासून बॅटरीच्या ड्रिलपर्यंत

मुंबईच्या गोवंडी भागात एका तासाच्या फेरफटक्यात किती तऱ्हेच्या भिंती दिसतात! शिवाजीनगर-बैंगनवाडीकडे पत्र्याच्या, प्लायवूडच्या आणि एकेरी विटेच्या भिंती. देवनारच्या जुन्या वसाहतींत जाड विटेच्या, चुना-सिमेंटचा गिलावा केलेल्या भिंती. आणि नव्या उंच इमारतींत काँक्रीटचे खांब, काँक्रीटच्या तुळया, कित्येकदा तर सगळ्या भिंतीच काँक्रीटच्या. या प्रत्येक घरात पडद्याची दांडी लावायची असते, फळी ठोकायची असते, मुलांसाठी फळा टांगायचा असतो. त्यासाठी कोणी बॅटरीवर चालणारे ड्रिल विकत घ्यायला गेला, तर दुकानदाराचा पहिला प्रश्न असतो, "किती व्होल्टचे देऊ?"

हा प्रश्न चुकीचा नाही, पण तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न कोणता, हे ड्रिलच्या इतिहासात डोकावले की कळते. भोक पाडणाऱ्या कोणत्याही साधनाला दोन अडचणी सोडवाव्या लागतात. फिरवण्याची ताकद कोठून आणायची ही एक, आणि समोरचा पदार्थ खाईल असे टोक कशाचे करायचे ही दुसरी. जाहिराती पहिल्या अडचणीबद्दल भरभरून बोलतात. इतिहास मात्र सांगतो की माणूस बहुतेक वेळा दुसरीपाशी अडला आहे.

दात, मणी आणि सामता

बलुचिस्तानातील मेहरगढ येथे नवाश्मयुगीन दफनभूमीत सापडलेल्या नऊ माणसांच्या अकरा दाढांना कोरलेली भोके आढळली. २००६ साली याविषयीचा शोधनिबंध 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ही माणसे सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीची. संशोधकांनी गारगोटीसारख्या दगडाचे टोक लावलेला कमानीचा ड्रिल तयार करून पाहिला, तेव्हा दाताच्या कवचात तसेच भोक एका मिनिटाच्या आत पडले. दाताच्या मानाने दगडाचे टोक कठीण होते, म्हणून काम सोपे झाले.

हडप्पा संस्कृतीतील कारागिरांपुढचे काम याहून अवघड होते. त्यांना कार्नेलियनच्या, म्हणजे लाल अकीकाच्या लांबट मण्यांना आरपार भोक हवे होते. अकीक हे क्वार्ट्झचेच एक रूप. मोहच्या कठिणता-मापनात त्याचा क्रमांक सातच्या आसपास. गारगोटीही त्याच कुळातली. तिने अकीकाला घासायचे म्हणजे दोघांनी सारखेच झिजायचे. कारागिरांनी यावर उपाय शोधला तो हाताचा जोर वाढवण्याचा नव्हे, तर टोक बदलण्याचा. एका खास दगडापासून त्यांनी बारीक, कठीण टोके घडवली. चन्हुदडोचे उत्खनन करणाऱ्या अर्नेस्ट मॅके यांच्या नावावरून आज या दगडाला 'अर्नेस्टाइट' म्हणतात. या टोकानेसुद्धा तासाला जेमतेम अडीच मिलिमीटर भोक पुढे सरके, असे प्रयोगांतून दिसले आहे. म्हणजे दहा सेंटिमीटरच्या मण्याला चाळीस तास! हे गणित वर्गात फळ्यावर मांडून पाहावे. संग्रहालयातील एक मणी किती मोलाचा असेल, ते मुलांना लगेच कळते.

अकीक आपल्या महाराष्ट्रालाही परका नाही. दख्खनच्या बेसाल्ट खडकांतील पोकळ्यांत तो तयार होतो, आणि पुणे जिल्ह्यातील इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वसाहतीत कार्नेलियनचे मणी सापडले आहेत. गुजरातेत खंभातचे कारागीर पुढे हिऱ्याच्या कणांचे टोक वापरू लागले. कमान तीच, दोरी तीच, हातही तोच. बदलले ते फक्त टोक.

गावगाड्यातील बलुतेदार सुताराकडे हेच यंत्र 'सामता' या नावाने होते. लाकडी दांड्याच्या खाली लोखंडी टोक, वर दाबून धरायला मूठ, आणि दांड्याला कमानीच्या दोरीचा एक वेढा. कमान पुढे-मागे ओढली की दांडा एकदा उजवीकडे, एकदा डावीकडे फिरतो. भोक पाडायला हे चालते. पण स्क्रू पिळायला चालत नाही, कारण पुढच्या ओढीने आत गेलेला स्क्रू मागच्या ओढीने बाहेर येईल. एकाच दिशेने पिळायचे तर सुताराला गिरमीट घ्यावे लागे. आजच्या यंत्राला 'ड्रिल-ड्रायव्हर' असे जोडनाव आहे. भोक पाडणे आणि स्क्रू पिळणे ही दोन वेगळी कामे एका मुठीत आली आहेत, एवढाच त्याचा अर्थ.

वायरचे दिवस

ताकदीची अडचण विजेने सोडवली. १८८९ साली ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे आर्थर अर्नॉट आणि विल्यम ब्रेन यांनी विजेवर चालणाऱ्या ड्रिलचे एकस्व घेतले. हे यंत्र अवजड होते. हातात धरता येईल असे विद्युत ड्रिल जर्मनीतील फाइन बंधूंनी १८९५ साली बनवले. पिस्तुलासारखी मूठ आणि बोटाने दाबायचा खटका ही आज ओळखीची झालेली रचना अमेरिकेतील ब्लॅक अँड डेकर कंपनीची. तिचे एकस्व १९१७ सालचे.

पण भिंतीत भोक पाडून उपयोग काय? त्यात स्क्रू धरून राहायला हवा. पूर्वी त्यासाठी छिन्नीने चौकोनी खड्डा खोदून लाकडाचा तुकडा ठोकत. १९११ साली इंग्लंडमध्ये जॉन रॉलिंग्ज यांना ब्रिटिश म्युझियमच्या भिंतींची नासधूस न करता विजेची जोडणी करायची होती. त्यांनी तागाच्या धाग्यांची, स्क्रू आत जाताच फुगणारी छोटी नळी वापरली. १९५८ साली जर्मनीत आर्टुर फिशर यांनी ती प्लास्टिकची केली. हार्डवेअरच्या दुकानात जिला आपण 'गिट्टी' म्हणतो, ती हीच.

टोकाच्या बाबतीतही प्रगती होत होती. १९२६ साली जर्मनीच्या क्रुप कंपनीने टंगस्टन कार्बाइडचे हत्यार बाजारात आणले आणि त्याला 'हिऱ्यासारखे' या अर्थाच्या जर्मन शब्दांवरून 'विडिया' असे नाव दिले. आपल्याकडच्या कारागिरांच्या तोंडी आजही 'विडिया' हाच शब्द आहे. खंभातच्या हिऱ्याची आठवण त्या नावात नकळत राहून गेली आहे. काँक्रीटसाठी मात्र कठीण टोकही पुरत नाही. त्यातली खडी नुसत्या फिरण्याने कापली जात नाही, ती फोडावी लागते. म्हणून फिरता फिरता ठोके देणारी यंत्रे आली. बॉश कंपनीचा विद्युत हातोडा १९३२ सालचा.

भारतात ही हत्यारे आधी पोचली ती कारखान्यांत. मुंबईच्या मुलुंड उपनगरात राली वुल्फ कंपनी ब्रिटनच्या वुल्फ कंपनीच्या सहकार्याने विद्युत ड्रिल बनवत असे. १९७६ साली कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ येथे कुलकर्णी पॉवर टूल्स ही कंपनी सुरू झाली. घरात मात्र ड्रिल नसे. ते घेऊन सुतार किंवा वायरमन येई, आणि कोणत्या भिंतीला कोणते टोक लावायचे हे ज्ञानही त्याच्याबरोबरच येई. घरोघरी यंत्र आले, पण ते ज्ञान खोक्यात घालून मिळत नाही. खरी अडचण येथेच सुरू होते.

वायर गेली, ताकदही गेली

बिनवायरचे ड्रिल 'नासा'ने चंद्रासाठी शोधले, असे अनेक ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. ब्लॅक अँड डेकरने निकेल-कॅडमियम बॅटरीवरचे ड्रिल १९६१ सालीच बाजारात आणले होते. ही बॅटरी स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर यांनी १८९९ साली शोधलेली. चांद्रमोहिमेसाठीच्या ड्रिलच्या कामात ही कंपनी त्यानंतर सहभागी झाली.

चंद्रावर काय झाले, हे अधिक बोधप्रद आहे. १९७१ साली अपोलो-१५ च्या डेव्हिड स्कॉट यांनी चंद्राच्या पोटातील उष्णता मोजण्यासाठी भोके पाडायला घेतली. सुमारे तीन मीटर खोल जायचे होते. यंत्र चालू होते, चांदी-जस्ताची बॅटरीही ठीक होती, पण ड्रिल दीड-दोन मीटरच्या आसपास अडकले. कारण ड्रिलच्या दांड्यात होते. त्यावरील मळसूत्री खाचांमधून भुगा वर यायचा; दांड्याचे तुकडे जोडले होते तेथे या खाचा तुटक होत्या, आणि भुगा तेथेच दाटून बसला. पुढच्या मोहिमेत दांडा सुधारल्यावर भोक सहज पडले. ताकद होती, तरी टोक आणि दांडा यांवर काम अडले, ते थेट चंद्रावर!

पृथ्वीवर बॅटरी सुधारत गेली. जपानच्या माकिता कंपनीचे ७.२ व्होल्टचे ड्रिल १९७८ सालचे. सोनीने १९९१ साली लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि २००५ साली अमेरिकेच्या मिलवॉकी कंपनीने ती २८ व्होल्टच्या हत्यारांत वापरली. निकेल-कॅडमियमचा एक घट १.२ व्होल्ट देतो, लिथियमचा सुमारे ३.६ व्होल्ट. म्हणजे १८ व्होल्टसाठी पंधरा घटांऐवजी पाच पुरतात. लिथियम-आयन बॅटरीच्या पायाभूत संशोधनाला २०१९ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

खोक्यावरचे आकडे

आता दुकानात जाऊ. खोक्यावर '२० व्होल्ट मॅक्स' लिहिले असेल, तर आत बहुधा पाचच घट असतात. पूर्ण भरलेला घट ४.२ व्होल्टपर्यंत जातो, म्हणून पाचांचे सुमारे २० ते २१ होतात. काम करताना ते १८ व्होल्टचेच यंत्र. तसेच '१२ व्होल्ट मॅक्स' म्हणजे १०.८.

व्होल्टवरून साठलेली ऊर्जा कळत नाही. त्यासाठी व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणावे लागते. १८ व्होल्ट आणि २ अँपिअर-तास म्हणजे ३६ वॉट-तास, १०.८ व्होल्ट आणि ४ अँपिअर-तास म्हणजे ४३ वॉट-तास. 'लहान' यंत्रात ऊर्जा जास्त असू शकते. मोठ्या व्होल्टचा फायदा एका दमात अधिक शक्ती मिळण्याचा.

पिळाचा आकडाही तपासून पाहावा. समजा, यंत्र २५० वॉट यांत्रिक शक्ती देते आणि मिनिटाला ४०० फेरे फिरते. शक्ती भागिले कोनीय वेग, म्हणजे २५० भागिले ४२, बरोबर सुमारे ६ न्यूटन-मीटर. मग खोक्यावर ५० कसे? तो आकडा यंत्र अडून थांबण्याच्या क्षणाचा असतो, सतत मिळणाऱ्या पिळाचा नव्हे. वेगाची कळ १,५०० फेऱ्यांवर नेली, तर त्याच शक्तीत पिळ १.६ न्यूटन-मीटरवर येतो. म्हणून स्क्रू पिळताना कमी वेग, लाकडात बारीक भोक पाडताना जास्त. टोकामागच्या कड्यावरील आकडे क्लचचे. ठरावीक पिळ झाला की क्लच सुटतो आणि स्क्रूचे डोके चिरडत नाही.

आता तो पहिला प्रश्न : भोक कशात पाडायचे आहे? लाकूड, प्लायवूड, पत्रा आणि फर्निचरचे स्क्रू एवढेच काम असेल, तर १२ व्होल्टचे साधे ड्रिल-ड्रायव्हर पुरते. विटेच्या भिंतीत अधूनमधून सहा-आठ मिलिमीटरची भोके हवी असतील, तर ठोके देण्याची सोय असलेले १८ व्होल्टचे यंत्र आणि विडियाचे टोक घ्यावे. घर काँक्रीटचे असेल, तर घरगुती ड्रिल-ड्रायव्हरवर पैसे घालून मनस्तापच होईल. तेथे वायरचा रोटरी हॅमर एका दिवसासाठी भाड्याने आणणे किंवा कारागिराला बोलावणे शहाणपणाचे. खांब आणि तुळया यांना तर विचारल्याशिवाय हात लावू नये. आत लोखंडी सळ्या असतात.

बिनवायरच्या यंत्राचा एक मोठा गुण जाहिरातीत सहसा येत नाही. घराचा मुख्य स्विच बंद करूनही ते चालते. भिंतीत लपवलेल्या वायरी बहुधा स्विचबोर्डाच्या सरळ वर-खाली किंवा आडव्या जातात. तेथे भोक टाळावेच, आणि शंका असेल तर वीज बंद करून काम करावे. डोळ्यांवर चष्मा हवा.

बॅटरी संपल्यावर

यंत्र टिकते, बॅटरी काही वर्षांत थकते. एका कंपनीची बॅटरी बहुधा दुसऱ्या कंपनीच्या यंत्रात बसत नाही. म्हणून घेतानाच विचारावे, सुटी बॅटरी मिळते का आणि केवढ्याला. स्वस्त यंत्र बॅटरीअभावी फेकावे लागले, तर ते स्वस्त राहत नाही.

फेकलेली बॅटरी जाते कोठे, हे गोवंडीत विचारायला नको. देवनारच्या क्षेपणभूमीवर १९२७ पासून मुंबईचा कचरा येत आला आहे, आणि तो हातांनी वेचणारी माणसे तिच्या कडेलाच राहतात. कॅडमियम विषारी आहे. युरोपीय संघाने हत्यारांच्या बॅटऱ्यांत त्याला दिलेली सवलतही २०१६ अखेर संपवली. लिथियमची बॅटरी चेपली किंवा तिला भोक पडले तर पेट घेऊ शकते. भारतात २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी सर्व प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा मेलेली बॅटरी कचऱ्याच्या डब्यात न टाकता विक्रेत्याकडे किंवा ई-कचरा केंद्राकडे द्यावी.

भिंत ओळखायचा एक सोपा प्रयोग मुलांकडून करून घेता येईल. शाळेत किंवा घरी एखादे जाणते माणूस भोक पाडत असेल, तेव्हा खाली पडणारा भुगा कागदावर धरावा. आधी गिलाव्याची पांढरट किंवा करडी पूड येते. मग लाल भुगा आला तर वीट, करडाच राहिला आणि ड्रिल अडू लागले तर काँक्रीट. असे पाच-सहा भिंतींचे नमुने नावे लिहून वहीत चिकटवले, की दुकानदाराला द्यायचे उत्तर तयार होते.