रुग्ण सहभाग गट

इंग्लंडमधील कुटुंबवैद्याच्या दवाखान्याशी जोडलेला, तिथे नाव नोंदवलेल्या रुग्णांचा स्वयंसेवी गट. ‘पेशंट पार्टिसिपेशन ग्रुप’ किंवा नुसते ‘पीपीजी’ या नावाने तो तिकडे ओळखला जातो. दवाखान्याचा कारभार रुग्णांना कसा अनुभवास येतो हे डॉक्टरांपुढे मांडणे, सुधारणा सुचवणे आणि त्यांचा पाठपुरावा करणे हे त्याचे मुख्य काम.

पार्श्वभूमी : ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ रोजी सुरू झाली. या सेवेत रुग्ण आपले नाव एका दवाखान्यात नोंदवतो आणि तिथे त्याला विनामूल्य तपासले जाते. दवाखाना चालवणारे डॉक्टर मात्र बहुतांशी सरकारी नोकर नसून सेवेशी करार केलेले व्यावसायिक असतात. त्यामुळे वेळा, दूरध्वनी, स्वागतकक्ष यांची व्यवस्था तेच लावतात आणि ती सोसावी लागते रुग्णांना. हे अंतर कमी करण्याचा पहिला प्रयत्न काही डॉक्टरांनीच केला. १९७२च्या सुमारास ऑक्सफर्डशरमधील बेरिन्सफील्ड येथे डॉ. पीटर प्रिचर्ड यांनी असा गट सुरू केला. साउथ वेल्समधील अ‍ॅबरडेअर आणि ब्रिस्टल येथेही त्याच काळात गट निघाले. १९७८ मध्ये त्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. २०११ पासून गट चालवणाऱ्या दवाखान्यांना वेगळा मोबदला मिळू लागला आणि एप्रिल २०१५ पासून इंग्लंडमधील प्रत्येक दवाखान्याला करारानुसार गट ठेवणे बंधनकारक झाले. नोंदवलेल्या रुग्णांचे खरे प्रतिबिंब गटात पडावे यासाठी दवाखान्याने वाजवी प्रयत्न करावेत, अशीही करारातील अट आहे.

स्थापना : दवाखान्यातील फलक, संकेतस्थळ, मोबाइल संदेश आणि मुख्य म्हणजे डॉक्टर-परिचारिकांनी समोरासमोर केलेली विनंती यांतून सदस्य मिळतात. पहिल्याच बैठकीत कार्यकक्षा लेखी ठरवणे हिताचे असते : अध्यक्ष कोण, मुदत किती, बैठका केव्हा, इतिवृत्त कोण लिहिणार, गोपनीयता कशी पाळायची. अध्यक्ष रुग्णांपैकी असावा असा प्रघात आहे. दवाखान्याचा व्यवस्थापक आणि शक्यतो एखादा डॉक्टर बैठकीला असावा लागतो, कारण निर्णय घेऊ शकणारे कोणी समोर नसेल तर चर्चा तिथेच जिरते. स्वतःच्या उपचाराविषयीची तक्रार बैठकीत मांडायची नसते. तिच्यासाठी तक्रार निवारणाची स्वतंत्र पद्धत आहे. हा नियम कडक वाटला तरी त्यानेच रुग्णाचे खासगीपण राखले जाते आणि एकाच्या गाऱ्हाण्यात सगळी बैठक संपत नाही.

कामकाज : बैठका साधारणपणे दोन-तीन महिन्यांतून एकदा होतात. सकाळी आठला दूरध्वनी सुरू होताच अपॉइंटमेंटसाठी उडणारी झुंबड हा अनेक गटांपुढचा नेहमीचा विषय. स्वागतकक्षापुढची रांग हाही तसाच. मागे चार माणसे उभी असताना दुखण्याचे कारण मोठ्याने सांगावे लागणे किती अवघड, हे खिडकीच्या आत बसलेल्याला सहसा जाणवत नाही. अशा वेळी रांग चार पावले मागे थांबवणे किंवा बोलायला बाजूची खोली देणे असे कमी खर्चाचे उपाय गट सुचवू शकतो. रुग्णांची पाहणी करणे, वार्तापत्र काढणे, फ्लूच्या लसीकरणाच्या दिवशी मदत करणे, मधुमेहासारख्या विषयांवर व्याख्याने ठेवणे, उपकरणांसाठी निधी जमवणे ही कामेही गट करतात. आरोग्य सेवांची तपासणी करणाऱ्या ‘केअर क्वालिटी कमिशन’चे निरीक्षक दवाखान्याच्या तपासणीत गटाच्या सदस्यांचे म्हणणे ऐकतात.

मर्यादा : गटाला निर्णयाचा अधिकार नसतो, सूचना दवाखान्याला मान्य झाली तरच अमलात येते. सदस्यांत निवृत्त मंडळींचा भरणा असतो. लहान मुलांच्या आया, पाळीत काम करणारे, इंग्रजी न येणारे स्थलांतरित आणि दीर्घ मानसिक आजाराचे रुग्ण मागे राहतात, आणि दवाखान्याची गैरसोय अनेकदा त्यांनाच अधिक सोसावी लागते. त्यासाठी काही ठिकाणी ईमेलवरून मत देणारा आभासी गट जोडला जातो, बैठका संध्याकाळी घेतल्या जातात किंवा सदस्य प्रतीक्षाकक्षात बसून लोकांशी बोलतात. केवळ कराराची अट म्हणून कागदावर ठेवलेले गटही आहेत.

भारतातील समांतर व्यवस्था : राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाखालील रुग्ण कल्याण समित्यांचा हेतू काही अंशी असाच असला तरी निधीचा विनियोग हे त्यांचे मोठे काम आहे. महाराष्ट्रात २००७ पासून राबवलेली लोकाधारित देखरेख प्रक्रिया या कल्पनेच्या अधिक जवळची आहे. तीत गावकरी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या सेवेचे प्रगतिपत्रक तयार करतात आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांना उत्तरे द्यावी लागतात. इंग्लंडमधील गटाचा भर जाहीर जाबापेक्षा टेबलाभोवतीच्या संवादावर असतो. म्हणून तिथे कोणत्या सूचनेचे काय झाले, नाकारली तर का, हे सर्व रुग्णांना वेळच्या वेळी कळवणे हीच गटाच्या जिवंतपणाची कसोटी ठरते.