नागपूरकर भोसल्यांची वाटणी

२६ जानेवारी १७७५. नागपूरच्या दक्षिणेस पाचगावाजवळ एकाच बापाच्या दोन मुलांच्या फौजा समोरासमोर उभ्या होत्या. साबाजी भोसल्यांची सरशी होत होती. विजय हाती आलाच आहे असे समजून त्यांनी थोड्या स्वारांनिशी आपला हत्ती थेट भावाच्या हत्तीला भिडवला आणि शरण येण्यास फर्मावले. मुधोजींनी पिस्तुलाचा बार काढला. साबाजी जागीच कोसळले आणि जिंकत आलेली फौज धनी पडताच पांगली. नागपूरच्या गादीचा वीस वर्षे रखडलेला निवाडा त्या एका गोळीने झाला.

आज भिवापूरची मिरची घेऊन कळमन्याच्या बाजाराकडे निघालेल्या गाड्या उमरेड रस्त्याने याच पाचगावजवळून जातात. पानिपत, खर्डा, सिताबर्डी ही नावे सर्वांना ठाऊक असतात; पाचगाव मात्र नागपूरकरांनाही सहसा आठवत नाही. भावाने भावाला मारल्याचे स्मरण कोणतेही घराणे मोठ्या हौसेने जपत नाही, हे त्याचे एक कारण असावे.

नागपूरच्या वाटणीची कथा भोसल्यांच्याही आधी सुरू होते. हे शहर मूळचे देवगडच्या गोंड राजांचे. बख्त बुलंद शहाने ते वसवले, त्याचा मुलगा चांद सुलतान याने राजधानी येथे आणली, कोट बांधला. चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर वलीशहाने गादी बळकावली. तेव्हा विधवा राणी रतनकुंवरने वऱ्हाडात असलेल्या रघूजी भोसल्यांना मदतीस बोलावले. १७३९ च्या सुमारास रघूजी आले, वलीशहाचा पाडाव केला, राणीच्या मुलांना, बुऱ्हाणशहा आणि अकबरशहा यांना, गादीवर बसवले, मोबदला घेतला आणि परतले. इथवर सारे सरळ होते. पुढे दोघा भावांचे पटेना आणि बुऱ्हाणशहाने रघूजींना पुन्हा साद घातली. १७४३ मध्ये रघूजी आले ते परत न जाण्यासाठीच. अकबरशहा परागंदा झाला. बुऱ्हाणशहाला मान, मोहोर आणि नेमणूक मिळाली. राज्य मात्र भोसल्यांकडे गेले. काही महसुली कागदांवर गोंड राजाचा शिक्का पुढेही लागत असे. सत्ता गेल्यावर शिक्का उरतो, हा प्रकार हिंदुस्थानच्या इतिहासात नवा नाही. सातारच्या छत्रपतींच्या वाट्याला पुढे काय आले ते आठवावे.

रघूजींचे कर्तृत्व थोर होते. शाहू महाराजांकडून मिळालेले सेनासाहेबसुभा हे पद, वऱ्हाड, गोंडवन, छत्तीसगड आणि १७५१ च्या तहाने अलीवर्दीखानाकडून मिळालेला कटक प्रांत व बंगालची बारा लाखांची चौथाई, एवढा पसारा त्यांनी एका आयुष्यात उभा केला. १४ फेब्रुवारी १७५५ रोजी ते वारले, तेव्हा मागे चार मुलगे होते आणि वारसाचा प्रश्न मोठा अवघड होता. जानोजी आणि साबाजी धाकट्या राणीचे, पण वयाने मोठे. मुधोजी आणि बिंबाजी थोरल्या राणीचे, पण वयाने लहान. वडीलकी मुलाच्या वयावरून धरावी की आईच्या मानावरून? रघूजींचा कल जानोजींकडे होता. मुधोजींना तो मान्य नव्हता.

वाद पुण्यास गेला, आणि येथेच नानासाहेब पेशव्यांची संधी होती. रघूजी हयात असताना त्यांनी पेशव्यांचे वर्चस्व कधी मनापासून मानले नव्हते. बंगालच्या प्रश्नावर दोघांत उघड लढाईही झाली होती. आता त्यांचेच मुलगे न्याय मागत पुण्याच्या दारी आले. निवाडा चतुर होता. जानोजींना नागपूर आणि सेनासाहेबसुभा हे पद. मुधोजींना चांदा आणि सेनाधुरंधर हा नवा किताब. बिंबाजींकडे छत्तीसगड गेले व ते रतनपूरला राहिले. साबाजींच्या वाट्याला वऱ्हाडातील दारव्हे आले. पेशव्यांना मोठा नजराणा तर मिळालाच. त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे नागपूरची पदे पुण्याच्या संमतीने ठरतात, हा पायंडा पडला.

कागदावर हे राज्याचे विभाजन नव्हते. गादी एकच, सेनासाहेबसुभा एकच आणि बाकीचे भाऊ त्याचे ताबेदार. व्यवहारात मात्र प्रत्येकाची स्वतंत्र फौज, स्वतंत्र कारभारी आणि स्वतंत्र महसूल होता. ज्याच्याजवळ या तिन्ही गोष्टी असतात, त्याला ताबेदार म्हणणे ही केवळ शिष्टाचाराची भाषा ठरते.

जगाच्या इतिहासात विभाजित राजसत्तेचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण प्राचीन इस्राएलचे आहे. बायबलातील राजांच्या ग्रंथांनुसार शलमोनाच्या मृत्यूनंतर, म्हणजे इसवी सनपूर्व ९३० च्या सुमारास, त्याचा मुलगा रहबाम शखेम येथे राज्याभिषेकासाठी गेला. लोकांनी वेठबिगारीचा जाच कमी करण्याची विनंती केली. वृद्ध मंत्र्यांचा सल्ला डावलून त्याने तरुण सोबत्यांचे ऐकले आणि आणखी जाच करण्याची धमकी दिली. उत्तरेचे दहा वंश फुटले व यराबामाच्या नेतृत्वाखाली इस्राएल हे वेगळे राज्य झाले. दक्षिणेत यरुशलेमसह यहूदा उरले. यराबामाने बेथेल आणि दान येथे स्वतंत्र पूजास्थाने उभारली, कारण प्रजा उपासनेसाठी यरुशलेमला जात राहिली तर तिची निष्ठाही तिकडेच जाईल, हे त्याला कळत होते.

नागपूरशी तुलना करताना फरक आधी ध्यानात घ्यावा. तेथे राज्य प्रजेने फोडले, कारण करांचा आणि वेठीचा होता. येथे रयतेला कोणी विचारलेच नाही. यराबामाला नवी देवस्थाने उभारावी लागली; मुधोजींना चांद्यास तसे काही करावे लागले नाही, कारण वाद घरातला होता. साम्य आहे ते पुढच्या वाटचालीत. उत्तरेच्या बाशा राजाने कोंडी करताच यहूदाच्या आसाने मंदिरातील सोने-रुपे अरामच्या बेन-हदादाकडे पाठवून त्याला इस्राएलवर चालून जाण्यास सांगितले. दीडशेहून अधिक वर्षांनी आहाजाने तसाच निरोप अश्शूरच्या तिग्लथ-पिलेसरला धाडला. तिग्लथ-पिलेसर आला, उत्तरेचा मोठा भाग गिळला आणि यहूदाही मांडलिक झाले. इसवी सनपूर्व ७२२ च्या सुमारास शोमरोन पडले. यरुशलेम बाबेलच्या हाती ५८६ पर्यंत टिकले. रतनकुंवरचा निरोप आणि आहाजाचा निरोप यांत अंतर सुमारे अडीच हजार वर्षांचे आहे. मजकूर जवळजवळ एकच.

जानोजींची कारकीर्द याच तिऱ्हाइतांच्या खेळात गेली. १७६३ मध्ये ते निजामाच्या बाजूने होते आणि त्या मोहिमेत पुणे जाळले गेले. पण १० ऑगस्टच्या राक्षसभुवनच्या लढाईआधी त्यांनी पेशव्यांशी संधान बांधले. निजाम हरला, जानोजींना मुलूख मिळाला, आणि विश्वास दोन्हीकडचा गेला. १७६५ मध्ये पेशवे व निजाम एकत्र येऊन नागपूरवर चालून आले. पुढे रघुनाथरावांचा पक्ष धरल्याबद्दल थोरल्या माधवरावांनी पुन्हा मोहीम काढली, आणि १७६९ च्या कनकापूरच्या तहाने जानोजींना पेशव्यांचे वर्चस्व स्पष्टपणे मान्य करावे लागले. मराठेशाहीतील ‘साडेतीन शहाण्यां’पैकी एक पूर्ण शहाणे देवाजीपंत चोरघडे नागपूरच्या पदरी होते, तरीही हे घडले. शहाणपण दरबारात असले, तरी धन्याचा भाऊ शत्रूच्या छावणीत जाईल ही धास्ती असताना ते कितीसे पुरणार?

मे १७७२ मध्ये जानोजी निपुत्रिक वारले. मुधोजींचा मुलगा रघूजी याला दत्तक घेण्यास त्यांनी पेशव्यांची संमती मिळवली होती. परंतु मुधोजी पोहोचण्याआधी साबाजींनी नागपूर गाठले, जानोजींच्या पत्नी दर्याबाई यांना आपल्याकडे वळवले आणि कारभार हाती घेतला. पुण्यातही तेव्हा घर दुभंगलेले होते, आणि तो दुभंग जसाच्या तसा नागपुरात उतरला : पेशवे नारायणराव व निजाम साबाजींच्या मागे, तर रघुनाथराव मुधोजींच्या मागे. अकोल्याजवळ कुंभारी येथे लढाई झाली. निकाल लागला नाही. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणरावांचा खून झाला आणि पारडे मुधोजींकडे झुकले. बारभाईंनी रघुनाथरावांना हुसकताच ते पुन्हा साबाजींकडे गेले. नागपूरचा धनी कोण, हे शनिवारवाड्यात कोण बसले आहे यावर ठरत होते. पाचगावच्या गोळीला म्हणूनच महत्त्व आहे. तो निर्णय तरी पुण्याने दिलेला नव्हता.

त्यानंतर मुधोजींनी अल्पवयीन रघूजींच्या नावाने कारभार केला. १७८७ मध्ये बिंबाजी रतनपूरला वारले, पुढच्या वर्षी मुधोजीही गेले. दुसऱ्या रघूजींच्या काळात राज्य वरकरणी एक झाले, तरी छत्तीसगड आणि सेनाधुरंधर हे पद धाकट्या व्यंकोजींकडे गेलेच. १८०३ च्या देवगावच्या तहाने कटक आणि वर्धेपलीकडचे वऱ्हाड गेले. २२ मार्च १८१६ रोजी रघूजी वारले. गादीवर आले दुबळे, आजारी परसोजी, आणि कारभारावर व्यंकोजींचे पुत्र आप्पासाहेब.

आप्पासाहेबांना दरबारातील विरोधकांचा धाक होता, आणि या वेळी बोलावण्यासाठी तिऱ्हाईत जवळच होता. मे १८१६ मध्ये त्यांनी इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. १ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजी बिछान्यात मृत आढळले. त्याच वर्षी २६ व २७ नोव्हेंबरला, ज्या फौजेला आपणच आसरा दिला होता तिच्याशी आप्पासाहेब सिताबर्डीच्या टेकडीवर लढले आणि हरले.

१८५३ मध्ये तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने दुसऱ्या वर्षी राज्य खालसा केले. महालातील भोसले आणि त्यांच्या शेजारच्या किल्ल्यातील गोंड राजे आता एकाच सरकारचे पेन्शनर होते. राणीने दत्तक घेतलेल्या जानोजींना १८६१ मध्ये इंग्रजांनी किताब दिला, तो नागपूरचा नव्हता. तो होता ‘राजे बहादूर देऊर’. देऊर म्हणजे सातारा भागातील ते गाव, जेथून भोसल्यांचे हे घराणे कधीकाळी निघाले होते.