आगरकरांची अश्रद्धा आणि आमची श्रद्धा

लोकांची धर्मश्रद्धा का ओसरली, असा प्रश्न आम्हां कॅथॉलिक मंडळींच्या बैठकीत निघाला की त्याचे उत्तर बहुधा आधीच तयार असते. चित्रपट, त्यांतील उडती गाणी, पाश्चात्त्यांकडून आलेली तत्त्वज्ञाने आणि हाती खेळणारा पैसा, या चौघांवर ठपका ठेवून मंडळी चहाला उठतात. रोगाची ही चिकित्सा सोयीची खरी. कारण तीत दोष सगळा बाहेरच्यांचा ठरतो. परंतु इतिहासाची पाने उलटून पाहू लागले की ती टिकत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात तर मुळीच टिकत नाही.

मराठी भाषेत आधुनिक अश्रद्धेचा अत्यंत स्पष्ट आणि निर्भय उच्चार ज्यांनी केला, ते गोपाळ गणेश आगरकर चैनीत वाढलेले नव्हते. १८५६ साली कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी, गरिबीच्या घरात त्यांचा जन्म झाला. कष्टाने शिकून ते एम. ए. झाले आणि सरकारी नोकरीची वाट सोडून तुटपुंज्या वेतनावर शाळामास्तर झाले. १८८१ साली निघालेल्या 'केसरी'चे ते पहिले संपादक. कोल्हापूर प्रकरणात १८८२ साली टिळकांबरोबर १०१ दिवस ते डोंगरीच्या तुरुंगात होते. पुढे टिळकांशी मतभेद होऊन १८८८ साली त्यांनी 'सुधारक' काढला. १८९२ साली फर्ग्युसन कॉलेजचे ते प्राचार्य झाले. आणि १८९५ च्या जून महिन्यात, दम्याने जर्जर झालेल्या अवस्थेत, अवघ्या ३९ व्या वर्षी त्यांचा अंत झाला. ते जिवंत असतानाच पुण्यातील सनातन्यांनी त्यांची प्रेतयात्रा काढली होती. भोगासाठी देव सोडणाऱ्या माणसाचे हे चरित्र नव्हे.

आगरकरांनी मिल आणि स्पेन्सर वाचले होते, हे खरे. पण मिल-स्पेन्सर त्या पिढीतील पुष्कळांनी वाचले आणि वाचून संध्येचे पळी-पंचपात्र पूर्ववत चालू ठेवले. आगरकरांच्या बाबतीत तसे झाले नाही, त्याचे कारण ग्रंथांत शोधण्यापेक्षा त्यांच्या निबंधांचे विषय पाहावे. विधवांचे केशवपन, बालविवाह, सोवळेओवळे, जातीजातींतील उच्चनीचता, मृतांसाठी करावयाचे विधी. ईश्वराच्या अस्तित्वाविषयीचा निखळ तात्त्विक वाद त्या मानाने थोडा. अजाण वयात वैधव्य आलेल्या मुलीपुढे न्हावी बसवायचा आणि ही शास्त्राची आज्ञा आहे असे म्हणायचे, हे ज्या समाजाला खपते त्याच्या देवावर विश्वास का ठेवावा, असा माझ्या समजुतीप्रमाणे त्यांचा मूळ प्रश्न आहे. तो तर्काचा प्रश्न होण्यापूर्वी संतापाचा प्रश्न होता. वर्गात त्यांचे निबंध शिकवताना मला नेहमी असे वाटते की, यहुदी संदेष्ट्यांनी मंदिरातील होमहवनांवर जो कोप केला, त्याच्याशी या संतापाचे नाते आहे. हे नाते मी जोडतो आहे. आगरकरांनी ते मान्य केले असते असे नाही.

त्याच काळात आमची ख्रिस्तसभा काय म्हणत होती? आगरकर आठ वर्षांचे असताना, ८ डिसेंबर १८६४ रोजी, नववे पायस या पोपमहाशयांनी ८० चुकीच्या मतांची एक यादी प्रसिद्ध केली. पोपने प्रगती, उदारमतवाद आणि आधुनिक संस्कृती यांच्याशी समेट करावा, हे तिच्यातील शेवटचे, म्हणजे ऐंशिवे, चुकीचे मत. इटलीतील राज्यक्रांतीत पोपचा बहुतेक मुलूख नुकताच गेला होता, ही पार्श्वभूमी ध्यानी घेतली तर त्या यादीतील कडवटपणा समजू शकतो. परंतु समजणे वेगळे आणि समर्थन करणे वेगळे.

आपल्या किनाऱ्यावरचा इतिहास तर याहून बोलका आहे. इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आले. नवख्रिस्ती लोकांचे जुने पुराण सुटले होते आणि नवे हाती आले नव्हते, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी मराठी आत्मसात केली, ओवीचा छंद पत्करला आणि जवळजवळ ११,००० ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ साली छापून निघाले. परक्या देशातून आलेल्या धर्मगुरूने ज्ञानेश्वरांच्या आणि एकनाथांच्या छंदात ख्रिस्तकथा सांगावी, यापेक्षा संस्कृतीवरचा मोठा विश्वास कोणता? मात्र पुढची पिढी त्या विश्वासाला पारखी झाली. १६८४ साली पोर्तुगीज व्हाइसरॉयने हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. १७३६ साली इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्याने देशी चालीरीतींवर जी बंधने घातली, त्यांत लग्नकार्यात ओव्या गाण्यासही मनाई केली. ज्या ओवीत ख्रिस्ताचे चरित्र गायले गेले, तीच १२० वर्षांनी गुन्हा ठरली! हे करणारे नास्तिक नव्हते. चित्रपट तेव्हा नव्हता आणि मिलचा जन्मही झालेला नव्हता. लोकगीताला भ्यालेले हे लोक स्वतःला श्रद्धेचे रक्षक मानत होते.

संगीताचे नाव निघाले आहे, तेव्हा त्याविषयी थोडे अधिक बोलतो. कारण आधुनिकतेवरचा आमचा राग संगीतावर विशेष निघतो. १९०३ साली दहावे पायस यांनी उपासनेतील संगीतासंबंधी नियम घालून दिले. ग्रेगोरियन गायन हा आदर्श ठरला. पियानो आणि ढोल, झांजा यांसारखी गोंगाटाची वाद्ये मंदिरात वर्ज्य झाली. त्या वेळी युरोपातील चर्चमध्ये संगीतिकेतील तानबाजी माजली होती, म्हणून हा उपाय योग्यच होता. पण तो इकडे आला तेव्हा मृदंग आणि टाळ यांनाही तोच न्याय लागला. दुसरीकडे, गोव्यातील गावोगावच्या चर्चशाळांत स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकलेली मुले पोटासाठी मुंबईला आली आणि चित्रपटांच्या वाद्यवृंदांत शिरली. सेबॅस्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्ययोजना केली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. राग आणि पाश्चात्त्य वाद्यमेळ यांची सांगड घालण्याच्या ध्यासाने त्यांनी १९५८ साली मुंबईत स्वतःचा वाद्यवृंद उभा केला. १९७७ साली आलेल्या 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यामुळे त्यांचे नाव घरोघरी गेले. त्या नावाचा माणूस खरोखर होऊन गेला हे मात्र थोड्यांनाच माहीत होते. ज्या गाण्यांना उपदेशपीठावरून नावे ठेवली जात होती, त्यांतील व्हायोलिने वाजवणारे हात रविवारी त्याच मंदिरात गुडघे टेकून जोडलेले असत! आधुनिक संगीत आमच्या घरावर बाहेरून चालून आले, असे म्हणायला म्हणूनच माझी जीभ रेटत नाही.

हे सारे ओझे घेऊन ख्रिस्तसभा ११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेला बसली. ४ डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक घोषणापत्राने लोकभाषेला आणि प्रत्येक समाजाच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला उपासनेत स्थान दिले. पुढच्याच डिसेंबरात सहावे पॉल मुंबईच्या परमप्रसाद महोत्सवासाठी आले आणि इतर धर्मीयांच्या प्रतिनिधींपुढे बोलताना बृहदारण्यक उपनिषदातील प्रार्थनेचा त्यांनी आधार घेतला. शंभर वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातील ती ऐंशी मतांची यादी आठवली, म्हणजे केवढे अंतर कापले गेले हे कळते.

परंतु माझ्या मते परिषदेचे सर्वांत धाडसी पाऊल ७ डिसेंबर १९६५ च्या घोषणापत्रात आहे. २,३०७ विरुद्ध ७५ मतांनी संमत झालेल्या या लेखात आधुनिक जगातील ख्रिस्तसभेचा विचार केला आहे आणि त्यातील एकोणिसावा परिच्छेद नास्तिकतेवर आहे. साम्यवादाचा नाव घेऊन निषेध करावा, अशी मागणी चारशेहून अधिक धर्माध्यक्षांनी केली होती. परिषदेने तसे केले नाही. नास्तिकता अनेक प्रकारची असते, जगातील दुष्टतेविरुद्धच्या तळमळीतूनही ती उपजते, आणि तिच्या जन्माला श्रद्धावंत स्वतःही बऱ्याच अंशी कारण होतात, असे त्या परिच्छेदाचे म्हणणे. सदोष धर्मशिक्षणाने आणि धार्मिक, नैतिक व सामाजिक आचरणातील उणिवांनी आपण देवाचे खरे मुख दाखवण्याऐवजी झाकतो, असे परिषद म्हणते. आगरकरांचे नाव रोममध्ये जमलेल्या धर्माध्यक्षांपैकी किती जणांनी ऐकले असेल? पण त्यांच्या मृत्यूनंतर सत्तर वर्षांनी त्यांच्या फिर्यादीतील मुख्य कलम व्हॅटिकनने, न कळत का होईना, दाखल करून घेतले.

येथे एक सावधगिरी हवी. कार्ल राहनर या थोर जर्मन धर्मपंडितांनी, सद्विवेकाने जगणाऱ्या परधर्मीय व अश्रद्ध माणसाला 'अनामिक ख्रिस्ती' म्हणण्याची कल्पना मांडली. हेतू उदार आहे. तरी आगरकरांच्या कपाळी ती चिठ्ठी चिकटवण्यास माझे मन धजत नाही. उभ्या आयुष्यात ज्याने कोणाचा टिळा लावून घेतला नाही, त्याला मेल्यावर आपला टिळा लावणे शिष्टाचाराला धरून नाही.

शिवाय आमचे त्यांच्याशी मतभेद आहेतच. बुद्धी स्वच्छ झाली की माणूस सुधारेल, हा स्पेन्सरच्या काळातील भरवसा आगरकरांच्या लेखनातून ठायी ठायी डोकावतो. १९१४ साली सुरू झालेल्या महायुद्धाने त्याला तडा गेला. त्याच युद्धात गाब्रिएल मार्सेल हा फ्रेंच तरुण रेडक्रॉसच्या कचेरीत बेपत्ता सैनिकांचा शोध घेण्याचे काम करीत होता. त्याचे वडील अज्ञेयवादी, तो स्वतः कोणत्याही धर्माचा नव्हे, पियानोचा मात्र वेडा. समोरच्या पत्त्यावर एक नाव आणि एक क्रमांक. आणि त्या नावासाठी दारात उभी असलेली कोणाची तरी आई. मार्सेलला जाणवले की पत्त्यावरचा प्रश्न माहिती मिळताच सुटतो. त्या आईचा प्रश्न माहितीने सुटत नाही. पहिल्याला त्याने पुढे 'समस्या' म्हटले, दुसऱ्याला 'गूढ'. १९२९ साली, वयाच्या चाळिशीत, त्याने कॅथॉलिक बाप्तिस्मा घेतला. आगरकरांची बुद्धी समस्यांशी झुंजण्यात अजोड होती. दुसऱ्या प्रकारच्या प्रश्नापाशी ती थांबते, असे मला वाटते.

मंचेरियलला राहून हे दोन्ही प्रश्न एकदम दिसतात. नाशिकहून निघालेली गोदावरी येथे तेलुगू होऊन वाहते आणि आमच्यासारखी मराठी घरे तिच्या काठी दोन भाषांत जगतात. परिषद भरली त्याच १९६२ साली चांदा-आदिलाबादचा हा मुलूख केरळातील सिरो-मलबार धर्मगुरूंकडे सोपवला गेला आणि १९९९ साली आदिलाबादचा वेगळा धर्मप्रांत झाला. आमची मिस्सा तेलुगूत होते. दोन पावलांवर श्रीरामपूर, मंदमर्री, बेल्लमपल्ली येथील कोळशाच्या खाणी आणि त्यांत जुन्या काळापासून पाय रोवून असलेल्या लाल बावट्याच्या संघटना. तेथील तरुणाची अश्रद्धा सिनेमाने दिलेली नाही आणि त्याने मिलही वाचलेला नाही. खाणीत माणूस गेला तर त्याच्या आईपुढे मार्सेलचा प्रश्न उभा राहतो आणि तेव्हा आमच्या प्रार्थनेला अर्थ असतो. तो तरुणही टोपी काढून मागे उभा राहतो. पण एरवी तो आगरकरांचाच प्रश्न विचारतो. कंत्राटी मजुराला त्याच कामाचे कमी पैसे का मिळतात आणि देवाची माणसे त्यावर गप्प का, हे त्याला हवे असते. त्याला गूढाचे तत्त्वज्ञान सांगण्यापूर्वी मजुरीचे बोलावे लागेल.